आरा पाचिस संग्रहालय, रोम: ऑगस्टसच्या वारसांची रांग जवळून बघायची तर

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस ७५ वर्षं जगला, त्यातली ४० हून अधिक वर्षं त्याने एकहाती सत्ता चालवली, आणि त्यातला बराचसा काळ 'माझ्यानंतर कोण' या एकाच प्रश्नाने त्याचा पिच्छा पुरवला. पुस्तकात ही हकिगत वाचताना नावांचा गुंता होतो आणि बरेच जण मध्येच सोडून देतात. रोममध्ये मात्र एक जागा अशी आहे, जिथे ती दगडात, एका रांगेत उभी असलेली बघता येते. टायबर नदीच्या काठावरचं आरा पाचिस संग्रहालय, आणि रस्त्यापलीकडची ऑगस्टसची समाधी. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो. पण कुठे थांबायचं ते माहीत नसेल तर माणूस वीस मिनिटांत 'छान आहे' म्हणून बाहेर पडतो. हे परीक्षण त्या वीस मिनिटांवर समाधान न मानणाऱ्यांसाठी आहे.

आधी वस्तू काय आहे ते. आरा पाचिस म्हणजे शांतिदेवतेची वेदी. ऑगस्टस स्पेन आणि गॉलमधून परतला तेव्हा, इ.स.पू. १३ च्या ४ जुलैला, सिनेटने ती उभारायचा ठराव केला. इ.स.पू. ९ च्या ३० जानेवारीला तिचं अर्पण झालं. तो दिवस ऑगस्टसची बायको लिव्हिया हिचा वाढदिवस. वेदीभोवती लूनाच्या, म्हणजे आजच्या कर्राराच्या, संगमरवराचं चौकोनी कुंपण आहे, साधारण साडेअकरा मीटर बाय साडेदहा मीटर. शतकानुशतकं ती गाळाखाली होती. १५६८ मध्ये पहिले तुकडे निघाले, आणि १९३७-३८ मध्ये जमिनीतलं पाणी गोठवून उरलेले भाग बाहेर काढले. मग मुसोलिनीच्या राजवटीने ऑगस्टसच्या जन्माच्या दोन हजाराव्या वर्षाचं निमित्त साधून, मूळ जागेपासून काही अंतरावर, नदीकाठी ती पुन्हा जुळवली. आजची काच आणि पांढऱ्या भिंतींची इमारत रिचर्ड मायर या अमेरिकन वास्तुविशारदाची, २००६ ची. तिच्यावर रोमकरांनी भरपूर टीका केली आहे. आत उभं राहून बघणाऱ्याला मात्र ती इमारत एक मोठी सोय करून देते: उजेड. हे शिल्प उथळ कोरीव कामाचं आहे आणि बाजूने येणाऱ्या उजेडाशिवाय त्यातल्या मागच्या रांगेतले चेहरे दिसतच नाहीत.

इथे पहिली अडचण येते, आणि ती बहुतेकांना शेवटपर्यंत कळत नाही. वेदी पुन्हा जुळवताना तिची दिशा ९० अंशांनी फिरली. म्हणून पुस्तकात ज्याला 'दक्षिण बाजू' म्हणतात ती आज दक्षिणेला नाही, पूर्वेला आहे. होकायंत्र किंवा मोबाइलचा नकाशा घेऊन 'दक्षिणेचा शिल्पपट्ट' शोधायला जाल तर पायऱ्यांसमोर येऊन उभे राहाल. सोपं गणित असं: प्रवेशद्वारातून आत आलात की समोर पायऱ्या आणि वेदीचं दार. ती पुस्तकातली पश्चिम बाजू. तिच्या उजव्या हाताला वळलात की राजघराण्याची मिरवणूक, म्हणजे पुस्तकातली दक्षिण. डाव्या हाताला, नदीच्या बाजूला, पुस्तकातली उत्तर. तिथे सिनेटर आणि इतर मंडळी आहेत, आणि त्यांतली बरीच डोकी मूळची नाहीत, नंतरच्या काळात नव्याने बसवलेली आहेत. तिथल्या चेहऱ्यांवरून कोणाला ओळखायचा प्रयत्न करू नका. त्या बाजूचा एक मूळ फलक तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

या फिरवाफिरवीतून एक गोष्ट घडून आली आहे. राजघराण्याची बाजू आता बरोबर समाधीच्या दिशेने तोंड करून आहे. मधे काच, मग रिपेत्ता नावाचा रस्ता, मग ती प्रचंड गोल समाधी. या बाजूला सकाळीच जावं. पूर्वेचा उजेड मिळतो आणि गर्दीही कमी असते. दुपारी उन्हात काचेवरच्या प्रतिबिंबांनी फोटो बिघडतात.

उभं राहण्याची जागाही ठरवून घ्या. माणसांचा पट्ट खालच्या वेलबुट्टीच्या वर, जवळपास डोक्याच्या उंचीवर सुरू होतो. भिंतीला चिकटून उभं राहिलं तर टोग्याच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राच्या, चुण्या आणि हनुवट्याच दिसतात. चार-पाच पावलं मागे या. पक्षी बघायची छोटी दुर्बीण असेल तर इथे ती गाइडपेक्षा जास्त कामाला येते.

आता डावीकडून उजवीकडे वाचायला लागा. मिरवणूक डावीकडे चालली आहे, म्हणजे डावं टोक हे तिचं डोकं. तिथे ऑगस्टस आहे, डोक्यावर टोग्याचा पदर घेतलेला. फलक भंगलेला असल्याने त्याचा अर्धाच भाग उरला आहे आणि अनेक जण त्याला ओळखल्याशिवायच पुढे जातात. खूण अशी: त्याच्यामागे टोकदार टोप्या घातलेले चार पुरोहित येतात, आणि मग खांद्यावर यज्ञाची कुऱ्हाड घेतलेला सेवक. त्या चार टोप्या सापडल्या की त्यांच्या डावीकडचा उंच माणूस तो सम्राट.

कुऱ्हाडवाल्याच्या मागे जो उंच, गंभीर, डोक्यावर पदर घेतलेला पुरुष आहे, तिथे थांबा. हा ॲग्रिप्पा. ऑगस्टसचा बालपणापासूनचा मित्र, त्याच्या बहुतेक लढाया जिंकून देणारा सेनापती, आणि इ.स.पू. २१ पासून जावई. वारसाचा सगळा तिढा या माणसाभोवती फिरतो. इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टस मरणाच्या दारात होता. तेव्हा त्याने राज्याचे हिशेब आणि कागदपत्रं सह-कॉन्सल (दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी दुसरा) पिसोच्या हाती दिली, पण मुद्रेची अंगठी दिली ॲग्रिप्पाला. लोकांची अपेक्षा होती की अंगठी भाचा मार्सेलसला मिळेल. तोच तेव्हाचा जावई होता, एकुलत्या एक मुलीचा, ज्युलियाचा, नवरा. अँटोनियस मूसा या वैद्याने थंड पाण्याच्या उपचाराने ऑगस्टसला वाचवलं. त्याच वर्षी मार्सेलस आजारी पडला, त्यालाही तेच उपचार झाले, आणि तो विशी गाठता गाठताच वारला. मग ज्युलियाचं काय करायचं? ॲग्रिप्पाला तू इतका मोठा करून ठेवला आहेस की आता एकतर त्याला जावई कर नाहीतर ठार मार, असा सल्ला ऑगस्टसचा जवळचा सल्लागार मिसेनस याने दिल्याचं इतिहासकार डिओ सांगतो. ऑगस्टसने जावई केलं. त्यासाठी ॲग्रिप्पाला आधीच्या बायकोशी काडीमोड घ्यावा लागला, आणि ती बायको म्हणजे मार्सेलसची सख्खी बहीण.

ॲग्रिप्पाच्या टोग्याला धरून एक लहान मुलगा उभा आहे. गळ्यात जाड कडं, लांब केस. हा ॲग्रिप्पा आणि ज्युलियाचा थोरला मुलगा गायस, असं बरेच अभ्यासक मानत आले. पण गळ्यातलं कडं रोमन मुलांचं नव्हे, तो पोशाख परदेशी आहे, म्हणून रोममध्ये ठेवलेला कुणी पूर्वेकडचा राजपुत्र असावा असं दुसऱ्या गटाचं म्हणणं. कपडे नीट बघितले तर दुसरा गट जास्त पटतो. ऑडिओ गाइड किंवा वाटाड्या 'हा गायसच' असं ठामपणे सांगत असेल तर पुढची ओळखसुद्धा जरा जपूनच ऐका.

गायस आणि त्याचा धाकटा भाऊ लुसियस यांना ऑगस्टसने इ.स.पू. १७ मध्ये दत्तक घेतलं. रोमन रीतीप्रमाणे नाणं आणि तराजू वापरून, लुटुपुटीच्या खरेदीचा विधी करून, आजोबांनी नातवंडं त्यांच्या बापाकडून विकत घेतली. वेदीचा ठराव झाला तेव्हा गायस जेमतेम सात वर्षांचा व्हायचा होता. म्हणजे त्या वर्षीचा बेत असा: मी, माझ्यानंतर सांभाळायला ॲग्रिप्पा, आणि मग ही दोन मुलं. रांगेत ॲग्रिप्पा इतक्या पुढे आणि इतका मोठा का कोरला आहे याचं उत्तर त्या बेतात आहे. आणि इ.स.पू. १२ च्या मार्चमध्ये ॲग्रिप्पा वारला, वेदीचं अर्पण व्हायच्या जवळजवळ तीन वर्षं आधी. अर्पणाच्या दिवशी लोकांनी जी मिरवणूक बघितली तिच्यातला दुसरा महत्त्वाचा माणूस ऑगस्टसच्या समाधीत राख होऊन पडला होता.

पुढची स्त्री बहुतेकांच्या मते लिव्हिया, काहींच्या मते ज्युलिया. तिच्यामागचा तरुण टायबेरियस, लिव्हियाचा पहिल्या लग्नाचा मुलगा. त्याच्या जागेकडे नीट बघा. पुढे आहे, पण केंद्रात नाही. इ.स.पू. १३ मध्ये तो कॉन्सल होता आणि ॲग्रिप्पाच्या मुलीशी, विप्सानियाशी, सुखाने संसार करत होता. ॲग्रिप्पा गेल्यावर ऑगस्टसने त्याला तो संसार मोडायला लावला आणि विधवा ज्युलियाशी त्याचं लग्न लावलं, इ.स.पू. ११ मध्ये. पुढे एकदा विप्सानिया वाटेत दिसली तेव्हा टायबेरियस डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे बघत राहिला, आणि त्यानंतर ती त्याच्या नजरेला पडू नये अशी काळजी घेण्यात आली, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलं आहे. इ.स.पू. ६ मध्ये टायबेरियस सगळं सोडून ऱ्होड्स बेटावर जाऊन बसला. इ.स.पू. २ मध्ये व्यभिचाराच्या आरोपावरून ज्युलियाला बापानेच पांदातेरिया या छोट्या बेटावर धाडलं. दारू बंद, परवानगीशिवाय पुरुषाला भेटायला मज्जाव. तिची आई स्क्रिबोनिया, जिला ऑगस्टसने ज्युलिया जन्मली त्याच दिवशी सोडलं होतं, ती मुलीबरोबर गेली.

टायबेरियसच्या उजवीकडे या संपूर्ण पट्टावरचा सर्वांत जिवंत भाग येतो. एक तरुण स्त्री मागे वळून नवऱ्याकडे बघते आहे. ती धाकटी अँटोनिया, ऑगस्टसची भाची. नवरा ड्रुसस, टायबेरियसचा धाकटा भाऊ. भोवती सगळे टोग्यात असताना तो एकटा लष्करी अंगरख्यात आहे, म्हणून चटकन सापडतो. दोघांच्या मधे आईचा हात धरलेलं पोर, जर्मॅनिकस, तेव्हा दोन वर्षांचा. आणि त्यांच्या मागून एक बाई ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण करते आहे. विधी चालू असताना बोलायचं नसतं. त्यांच्या पलीकडे, रांगेच्या शेपटाकडे, तिच्या बहिणीचं, थोरल्या अँटोनियाचं, कुटुंब.

या शेपटासाठी पाय दुखेपर्यंत थांबावं. ऑगस्टसने आखलेला वारसाक्रम डाव्या बाजूला आहे. प्रत्यक्षात सत्ता गेली ती उजव्या बाजूला. लुसियस इ.स. २ मध्ये मार्सेलीत वारला. गायस आर्मेनियातल्या आर्तागिरा इथे जखमी झाला आणि इ.स. ४ च्या फेब्रुवारीत लिकियातल्या लिमिरा इथे गेला. अठरा महिन्यांत दोन्ही दत्तक मुलगे संपले. त्याच वर्षी जूनमध्ये ऑगस्टसने ४४ वर्षांच्या टायबेरियसला दत्तक घेतलं, पण आधी त्याला स्वतःचा मुलगा असतानाही पुतण्या जर्मॅनिकसला दत्तक घ्यायला लावलं. म्हणजे या शिल्पातलं आईचा हात धरलेलं पोर. टायबेरियसनंतर सम्राट झालेला कॅलिगुला हा त्या पोराचा मुलगा. त्याच्यानंतरचा क्लॉडियस हा अँटोनिया आणि ड्रुससचाच मुलगा, वेदीचा ठराव झाला तेव्हा जन्मलाही नव्हता. आणि नीरो बापाकडून थोरल्या अँटोनियाचा नातू, आईकडून जर्मॅनिकसचा. ऑगस्टसनंतरचे या घराण्याचे चारही सम्राट रांगेत ॲग्रिप्पाच्या मागे असलेल्यांतून, ज्यांचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता त्यांतून आले. छापील घराण्याच्या तक्त्यावरून हे लक्षात येत नाही, इथे डावीकडून उजवीकडे चालत गेलं की येतं.

नावांचा घोळ टाळायला जाण्यापूर्वी एका चिठ्ठीवर दहा नावं लिहून घ्या: ऑगस्टस, लिव्हिया, ज्युलिया, मार्सेलस, ॲग्रिप्पा, गायस, लुसियस, टायबेरियस, ड्रुसस, जर्मॅनिकस. प्रत्येकापुढे जन्म, मृत्यू आणि 'कोणाचा कोण'. घोळ होण्याचं कारण दत्तकविधान. रोमन दत्तक प्रौढ वयातही होत असे आणि प्रत्येक वेळी नाव बदलत असे, म्हणून एकच माणूस तीन नावांनी भेटतो. प्रवेशाच्या दालनात या घराण्यातल्या लोकांच्या मस्तकांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. बहुतेक जण त्या ओलांडून सरळ वेदीकडे धावतात. क्रम उलटा करू नका: आधी दहा मिनिटं मस्तकं, मग मिरवणूक. टायबेरियसचं रुंद कपाळ आणि ऑगस्टसच्या कपाळावरची केसांची बट एकदा डोळ्यांत बसली की पुढचं काम सोपं होतं.

पायऱ्या चढून कुंपणाच्या आतही डोकवा. आतल्या भिंतींवर बैलांच्या कवट्या आणि त्यांना बांधलेल्या फळांच्या माळा आहेत. वेगवेगळ्या ऋतूंची फळं एकाच माळेत. बाहेरच्या वेलबुट्टीत बेडूक, पाल, विंचू लपलेले आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे शोधायला लावा, तेवढा वेळ मिरवणुकीसाठी मिळतो.

बाहेर आलात की रिपेत्ता रस्त्याच्या बाजूची भिंत चुकवू नका. ऑगस्टसने स्वतः लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा वृत्तान्त तिच्यावर लॅटिनमध्ये आहे, आणि ती बघायला तिकीट लागत नाही. मूळ मजकूर समाधीसमोर कांस्याच्या पत्र्यांवर होता. ते पत्रे गेले, मजकूर मुख्यतः तुर्कस्तानातल्या अंकारामध्ये भिंतीवर कोरलेल्या प्रतीमुळे वाचला. त्यात गायस आणि लुसियसचा उल्लेख 'नियतीने तरुणपणीच हिरावून नेलेले माझे मुलगे' असा येतो. मृत्युपत्राची सुरुवातही त्याने याच शब्दांच्या आसपास केली, आणि मग टायबेरियसला दोनतृतीयांश वाटा दिला. वारस नेमताना आधी दुसऱ्या दोघांच्या मरणाची नोंद, हे टायबेरियसने आयुष्यभर मनात ठेवलं असणार.

शेवटच्या भागात 'एक्स इंडिया' हे शब्द शोधा. भारतातल्या राजांचे दूत आपल्याकडे वारंवार आले, असं तिथे म्हटलं आहे. एका वकिलातीतला बारिगाझाचा, म्हणजे भडोचचा, एक श्रमण अथेन्समध्ये चिता रचून जळाला, ही हकिगत ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवली आहे. आणखी एक धागा: गायस आणि लुसियस ढाल-भाले घेऊन उभे आहेत असं चित्र असलेली ऑगस्टसची चांदीची नाणी दक्षिण भारतात मोठ्या संख्येने सापडली आहेत. वारस म्हणून जगाला दाखवायला पाडलेली ही नाणी, ती मुलं गेल्यावरही आपल्याकडच्या व्यापारात फिरत राहिली.

समाधीबद्दल थोडक्यात. इ.स.पू. २८ मध्ये काम सुरू झालं, व्यास जवळपास ८७ मीटर. ऑगस्टस तेव्हा पस्तिशीतला. आत पहिला गेला मार्सेलस, मग ॲग्रिप्पा, बहीण ऑक्टेव्हिया, ड्रुसस, लुसियस, गायस. बांधणारा स्वतः इ.स. १४ मध्ये, या सगळ्यांच्या नंतर. मुलगी ज्युलिया आणि तिच्याच नावाची नात, दोघींना इथे ठेवू नये असं त्याने लिहून ठेवलं होतं. पियानोसा बेटावर डांबलेला शेवटचा नातू पोस्टुमस सम्राटाच्या मृत्यूनंतर लगेच मारला गेला. २०२१ च्या मार्चमध्ये समाधी लोकांसाठी उघडली, पण नंतर पुन्हा कामासाठी बंद झाली. जाण्याच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर खात्री करूनच आतला बेत करा. आत जाता आलं नाही तरी चौकातून गोल फेरी मारता येते.

व्यवहाराच्या गोष्टी. तेर्मिनी स्थानकावरून मेट्रोची ए लाइन, तिसरं स्थानक स्पान्या, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत. संग्रहालय सकाळी साडेनऊला उघडतं, संध्याकाळी साडेसातला बंद होतं, शेवटचा प्रवेश तासभर आधी. खालच्या मजल्यावर तात्पुरती प्रदर्शनं भरतात आणि ती चालू असताना तिकिटाचा दर वाढतो. फक्त वेदीचं तिकीट वेगळं मिळतं का, हे खिडकीवर विचारा. दीड तास मोकळा ठेवा. रोममध्ये एकच दिवस असेल आणि कलोसियम, व्हॅटिकन अजून बघायचं असेल, तर इथे येऊ नका. घाईत ही जागा काहीच देत नाही. दोन दिवस असतील तर दुसऱ्या सकाळी तेर्मिनीजवळच्या पलात्सो मास्सिमो संग्रहालयात जा, सोमवार सोडून. डोक्यावर पदर घेतलेला, पुरोहिताच्या वेशातला ऑगस्टसचा पूर्ण पुतळा तिथे आहे. वेदीवर जो अर्धा भंगलेला दिसतो तो संपूर्ण कसा असेल, ते त्याच्यावरून कळतं. लिव्हियाच्या बंगल्यातली बागेची भित्तिचित्रंही तिथेच वरच्या मजल्यावर आहेत.